हुकमी सब्जेक्ट

आमच्या मोठ्या साडूंइतक्या सफाईनं चुका करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही आणि यापुढे होईल असं मला वाटत नाही. चुका तुम्हीही करता, मीही करतो. पण आपल्या चुका गबाळ्या असतात. केव्हाही होतात, कशाही होतात आणि नेमक्या नको तिथे होतात. साडूंच्या चुकांना शिस्त होती. पहिल्या फेरीत भरपूर, दुसरीत जरा कमी, तिसरीत त्याहून कमी आणि शेवटच्या फेरीत एखादीच, तीही माणसाचं काम आहे हे दिसावं म्हणून राखून ठेवलेली. या चुकांच्या जोरावर अमरावतीच्या आमच्या कॉलेजातून कितीतरी पोरी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाल्या. त्यातल्या काही आज नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात कामगारांची हजेरी घेतात, काही बँकेच्या परीक्षांचे क्लास लावून बसल्या आहेत आणि उरलेल्या आपापल्या सासरी मानसशास्त्राचा काडीचाही उपयोग होत नाही हे नव्यानं शिकताहेत. साडूंचं नाव त्यांतल्या एकीच्याही मार्कशीटवर नाही.

मी त्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. म्हणजे लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस मला हमखास 'सर, सांगा बरं माझ्या मनात काय चाललंय' असं विचारतो आणि मी 'जिलबी' म्हणतो. गावात माझ्या विषयाची अब्रू एवढीच आहे. पण शेवटच्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलला मात्र या विषयाचा थाट असतो. रसायनशास्त्राच्या पोरांना परीक्षानळी पुरते, प्राणिशास्त्राच्या पोरांना झुरळ पुरतं. आमच्या पोरांना एक अख्खा जिवंत माणूस लागतो. पुस्तकात त्याला 'प्रयुक्त' म्हणतात, बाकी सगळे 'सब्जेक्ट' म्हणतात. हा सब्जेक्ट ज्याचा त्यानं बाहेरून आणायचा असतो. परीक्षेत चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत निघेल तो प्रयोग त्या माणसावर करायचा, आकडे मांडायचे, आलेख काढायचा आणि मग परगावाहून आलेल्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षेला उभं राहायचं. यात वेगळं पास व्हावं लागतं. पेपरांत कितीही मार्क पडोत, प्रॅक्टिकल गेलं की पदवी गेली.

आता वऱ्हाडातल्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडून कोण सब्जेक्ट होणार? भाऊ झोपलेला असतो. मावशी म्हणते, "माह्यावर कायचा प्रयोग करतं वं, मी काय उंदीर हाय?" मैत्रीण आलीच तर प्रयोगभर खिदळते. असंच एका वर्षी एका पोरीचा सब्जेक्ट, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, ऐनवेळी क्रिकेटची मॅच पाहायला पळाला. ती पोरगी व्हरांड्यात रडत बसली. मी घरी फोन लावला आणि बायकोला म्हटलं, "कोणालाही पाठव. फक्त जिवंत पाहिजे." त्या दिवशी आमच्याकडे अकोल्याहून साडू आले होते. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे मोठ्या ताई म्हणायचो, तिचे हे यजमान. एस.टी.तून निवृत्त झालेले. अकोल्याच्या बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात उभा जन्म गेलेला. बायकोनं त्यांना रिक्षात बसवून दिलं. आले ते इस्त्रीच्या सफारीत, केसांना तेल लावून, मुलगी पाहायला आल्यासारखे. म्हणाले, "मास्तर, कुठं बसायचं ते सांगा. बाकीचं मी पाहून घेतो."

त्या दिवशी त्यांच्या वाट्याला आरशाचा प्रयोग आला. समोर दुहेरी रेषांची चांदणी काढलेला कागद असतो, कागदावर हात दिसू नये म्हणून आडोसा असतो आणि आरशात पाहून त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची असते. पेन्सिल रेषेबाहेर गेली की चूक. साडूंनी ती चांदणी अशी काही सांभाळून काढली, की पहिल्याच फेरीत एकही चूक नाही. पोरगी पुन्हा रडायला लागली. चुकाच नाहीत तर त्या कमी कशा होणार, आणि कमी होत नाहीत तर शिकण्याचा आलेख खाली कसा येणार? साडूंना हे कळेना. त्यांना वाटलं आपण पहिले आलो. कशीबशी ती पोरगी निभावली. पण घरी आल्यावर साडूंनी मला खुर्चीत बसवलं आणि आलेख कसा यायला पाहिजे ते विचारून घेतलं. पुढच्या वर्षी निमंत्रणाची वाट न पाहता हजर झाले आणि तेव्हापासून आमच्या डिपार्टमेंटचे हुकमी सब्जेक्ट झाले.

हळूहळू त्यांनी सगळे प्रयोग आत्मसात केले. निरर्थक शब्द पाठ करायच्या प्रयोगात सुरुवातीचे आणि शेवटचे लक्षात राहतात, मधले विसरतात, हे कळल्यावर ते मधले शब्द इमानेइतबारे विसरायचे. दोन सारख्या लांबीच्या रेषांतली एक लांब दिसते, त्या भ्रमाला ते कर्तव्य म्हणून बळी पडायचे. मी चिडायचो. म्हणायचो, "भाऊजी, सब्जेक्टनं खरं वागायचं असतं. हे शास्त्र आहे." त्यावर ते शांतपणे सुपारी कातरत म्हणायचे, "खरं वागून कोन पास झालं, मास्तर? तुमी झाले काय?" मी विषय बदलायचो, कारण मी स्वतः बी.ए.ला असताना सगळे आकडे वसतिगृहाच्या गच्चीवर बसून तयार केले होते.

बरं, सब्जेक्ट अनभिज्ञ असावा लागतो. प्रयोग त्यानं आधी केलेला असून चालत नाही. म्हणून साडू दरवर्षी खोलीत शिरताना डोळे मोठे करायचे आणि आरशाकडे बोट दाखवून विचारायचे, "हे काय हो बाप्पा? करंट तर नाही न मारत?" एका वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई इतक्या हळव्या निघाल्या, की त्यांनी साडूंचा हात हातात घेऊन यंत्र निर्धोक असल्याचं समजावून सांगितलं, पाणी दिलं आणि वर पोरीला दम भरला, की गरीब माणसाला नीट वागव. साडूंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई मायाळू हाये, पन यायनं मले दोन सालाआधी बी पाह्यलं होतं. चष्मा बदलाव म्हना."

घरीही हे वेड चालायचं. आमच्याकडे मुक्कामाला असले की माझ्या बायकोला चहा मागायचे तो घोषणेच्या सुरात: "कृपया लक्ष द्या, मास्तरांच्या घरचा चहा आपल्या निर्धारित वेळेपेक्षा उशिरानं येत आहे." चहा टेबलावर आला की घोषणेपासून तो येईपर्यंत किती वेळ गेला, याचा मनातल्या मनात हिशेब. रस्त्यावर दोन माणसं भांडत असली की हे थांबून कोण आधी हात उचलतो ते पाहणार आणि मला येऊन सांगणार. मोठ्या ताई कपाळाला हात लावायच्या. म्हणायच्या, "यायले घरात चहापत्ती सापडत नाही, अन् तिकडं पोट्ट्याईले पास करून राह्यले!" पण परीक्षेच्या सकाळी त्याच पहाटे उठून मुरमुऱ्यांचा चिवडा करायच्या, कापडी पिशवीत बांधून द्यायच्या आणि दारात उभं राहून बजावायच्या, की परीक्षेच्या धसक्यानं पोरी उपाशी येतात, त्यांना आधी खाऊ घाला, मग तुमचे प्रयोग. पिशवी मांडीवर घेऊन साडू अकोल्याहून येणाऱ्या बसमध्ये बसायचे. चिवड्याला ते स्वतः हातही लावायचे नाहीत.

प्रयोग संपला की सब्जेक्टला विचारायचं असतं, तुम्हाला काय काय वाटलं? ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं, याला अंतर्निरीक्षण म्हणतात. हा भाग पोरं गाईडमधून उतरवतात. साडूंना ते अपमानास्पद वाटायचं. ते स्वतः सांगायचे, पण दरवर्षी तेच सांगायचे, ताठ बसून, बसस्टँडच्या आवाजात: "सुरुवातीस थोडे अवघड वाटले. नंतर सवय झाली. प्रयोग करताना आनंद वाटला." बस्स. पोरी लिहून घ्यायच्या, परीक्षक सही करायचे आणि साडू उठून सफारीची घडी नीट करायचे.

मागच्या वर्षी ते आले नाहीत. मोठ्या ताई अकोल्यात दवाखान्यात होत्या आणि साडू त्यांच्या खाटेजवळच्या बाकड्यावर. त्या वर्षी त्यांच्या भरवशावर होती अचलपूरची सानिया. वडील शिलाईकाम करणारे, घरात शिकणारी ही पहिलीच. तिनं धावपळ करून चुलत भावाला आणलं. त्याला प्रयोगाच्या मध्येच फोन आला, तो बोलत बोलत बाहेर गेला आणि परतलाच नाही. सानिया प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली. बाकी सगळ्या पेपरांत पास. अकोल्यातल्या एका विशेष मुलांच्या शाळेत ती तोवर जाऊ लागली होती. मुलांना तिचा लळा लागला होता आणि शाळेनं तिला सांगितलं होतं, की पुढच्या जूनपर्यंत पदवी दाखव, जागा तुझी. म्हणजे या वर्षीचं प्रॅक्टिकल पुन्हा गेलं असतं तर शाळाही गेली असती. साडूंना मी हे फोनवर कधीतरी बोलून गेलो होतो.

मोठ्या ताई पावसाळ्यात गेल्या. त्यानंतर साडू असे गप्प झाले, की मला त्यांच्या घरात शिरायची भीती वाटायला लागली. मुलगा नागपूरला चला म्हणाला, तर नको म्हणाले. रेडिओ बंद, सुपारी बंद, घोषणा तर कधीच बंद. दर पंधरा-वीस दिवसांनी मी जायचो, समोर बसायचो आणि माझ्या विषयात जे जे लिहिलंय ते ते करून पाहायचो. मनमोकळं बोला म्हणायचो, फिरायला चला म्हणायचो, डॉक्टरांकडे चला म्हणायचो. ते म्हणायचे, "मी बरा हावो, मास्तर. तुमी जेवून जा." आणि मग दोघं भिंतीकडे पाहत बसायचो. आयुष्यभर माणसाच्या मनावर तास घेणाऱ्यानं आपल्याच माणसासमोर मुकं बसावं, याच्यासारखी दुसरी नामुष्की नाही. येताना बसमध्ये मला स्वतःचाच राग यायचा.

या वर्षी मी त्यांना परीक्षेबद्दल बोललो नव्हतो. सानियाला ताई गेल्याचं कळवलं होतं आणि तिच्यासाठी शेजारच्या एका शिक्षकाला सांगून ठेवलं होतं. तर परीक्षेच्या सकाळी मी कॉलेजच्या फाटकात शिरतो तो साडू व्हरांड्यात बसलेले. तीच सफारी, पण खांद्यावर लोंबत होती. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही कशाला त्रास घेतला?" तर म्हणाले, "थ्या पोट्टीचं सालभर माह्यापायी गेलं. एवढं करून देतो." मी नाही म्हणू शकलो नाही. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. वाटलं, निदान घराबाहेर तरी पडले.

या वेळचे परीक्षक यवतमाळकडचे होते. कमी बोलणारे, बुटांना पॉलिश केलेले, आकडे स्वतः पुन्हा बेरीज करून पाहणारे. सानियाच्या चिठ्ठीत शब्दांचा प्रयोग निघाला. तिनं एकेक शब्द वाचायचा, साडूंनी तो ऐकून मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा आणि मध्ये किती वेळ गेला ते तिनं घड्याळावर मोजायचं. यादीत काही साधे शब्द असतात, काही मनाला लागणारे. साध्यांना माणूस झटकन उत्तर देतो, लागणाऱ्यांना अडखळतो; आलेखात हे दिसलं की झालं. मी सुटकेचा श्वास सोडला. साडूंच्या हातचा मळ होता हा. 'भीती', 'अपमान' वगैरे आलं की ते आढ्याकडे पाहून असा काही थांबा घ्यायचे, की बघणाऱ्याला त्यांची दया यावी.

सानियानं सुरुवात केली. 'झाड' म्हटल्यावर साडू म्हणाले 'पान', 'रस्ता' म्हटल्यावर 'गाडी'. छान चाललं होतं. 'आजार' शब्द आला. साडू तिच्या ओठांवरून शब्द पुरता सुटायच्या आत म्हणाले, "दवाखाना." मी चमकलो. थांबा विसरले की काय? 'एकटा' आला. "दुकटा." 'मृत्यू' आला. "दाखला." तडकाफडकी, तिकिटाच्या खिडकीवर सुटे पैसे परत द्यावेत तशी उत्तरं. मग 'पिशवी' हा शब्द आला आणि साडू गप्प झाले. सानियाच्या हातातलं घड्याळ चालत राहिलं. ती थांबली, त्यांच्याकडे पाहिलं, नियमाप्रमाणे पुढचा शब्द घेतला. 'भीती'. "भूत." 'उशी'. पुन्हा काही नाही. 'मीठ'. 'खिडकी'. ते नुसते तिकडे पाहत राहिले. बाजूच्या टेबलावरची पोरं आपले प्रयोग सोडून वळून पाहायला लागली. मला उठून त्यांचा हात धरावासा वाटत होता, पण परीक्षा चालू होती आणि मी खुर्चीला खिळून बसलो होतो.

आलेख आला तो साफ उलटा. साध्या शब्दांची बाजू उंच, लागणाऱ्यांची बाजू जमिनीला टेकलेली. साडूंना तो कागद पाहिल्याबरोबर काय झालं ते कळलं. त्यांच्याइतके आलेख मीही पाहिले नसतील. ते कळवळून सानियाला म्हणाले, "ए माय, हे खोड. मी पुन्हा बसतो. आता बराबर देतो." सानिया हळूच म्हणाली, "नको काका. आता तुमी बनवून सांगसान." तेवढ्यात परीक्षक येऊन उभे राहिले. त्यांनी कागद उचलला, बेरीज केली, पुन्हा केली आणि म्हणाले, "तुम्ही दोन्ही याद्यांची अदलाबदल केलीय."

"नाही सर," सानिया म्हणाली. "याद्या बरोबर आहेत."

"मग हे कसं? मृत्यू म्हटल्यावर माणूस थांबत नाही आणि उशी म्हटल्यावर थांबतो?"

ही पोरगी आता गेली, तिची ती शाळा गेली आणि साडू उरलेलं आयुष्य हे उराशी घेऊन बसणार, असं मला दिसायला लागलं. सानियानं ओढणीच्या टोकानं हात पुसले आणि बोलायला लागली. म्हणाली, "सर, यांच्या घरचं माणूस गेलंय मागच्या पावसाळ्यात. आजार, मृत्यू, एकटा, हे शब्द यांनी इतक्यांदा ऐकले की उत्तरं पाठ झाली. दवाखान्यात विचारलं, दाखला काढताना विचारलं, भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं विचारलं. उशीचं कोणीच विचारलं नाही. यादीत ते साधे शब्द आहेत सर, यांना नाहीत."

परीक्षकांनी कागद खाली ठेवला आणि थेट साडूंनाच विचारलं, "तुम्हाला काय वाटलं, सांगाल का?" अंतर्निरीक्षणाचा प्रश्न होता, त्याचं उत्तर साडूंना झोपेतही येत होतं. ते ताठ बसले. तोंड उघडलं. आणि म्हणाले, "पिशवी म्हने. इतके साल मी पिशवी घेऊन येत होतो साहेब. आज बसमधी बसलो तं हात कुठं ठेवाव ते समजेना. मांडीवरच ठेवले." एवढं बोलून ते थांबले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "उशी एक उचलून ठेवून देली. आता पलंगावर एकच हाय. दुसरी मीच उचलली. कोनाले सांगाव हे?"

परीक्षक सानियाला म्हणाले, "गृहीतक चुकीचं ठरलं असं लिहा. का ठरलं तेही लिहा. चालतं ते." आणि पुढच्या टेबलाकडे गेले. नंतर चहा घेताना मला एवढंच म्हणाले, की इतकी वर्षं तपासतोय, पण असे आकडे कधी समोर आले नव्हते. त्यांनी सानियाला फार मार्क दिले नाहीत. पण पास केलं.

साडूंना मी स्टँडवर सोडायला गेलो. बसची वाट पाहताना ते म्हणाले, "आता मले बोलावू नका, मास्तर. मी काही कामाचा नाही राह्यलो. खरं बोललो का आलेख बिघडते." मी म्हटलं, असं काही नसतं. पण ते बसमध्ये चढून बसले होते. खिडकीतून त्यांचे दोन्ही हात दिसत होते.

निकाल लागल्यावर थोड्याच दिवसांत माझी पेपरांच्या फेरतपासणीसाठी अकोल्याच्या एका कॉलेजात नेमणूक होती. काम आटोपून भर दुपारी मी साडूंच्या घरी गेलो. सानिया आधीच येऊन गेली होती. तिची नोकरी पक्की झाली होती, शाळा त्यांच्या घरापासून दूर नव्हती. पेढ्यांचा पुडा टेबलावर होता, बहुधा तिनंच ठेवलेला असावा, तसाच न उघडता. साडू म्हणाले, "पास झाली न पोट्टी. मंग झालं." त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवला. चहापत्तीचा डबा त्यांना पहिल्या झटक्याला सापडला, ते पाहून मला कसंतरीच झालं.

चहा झाल्यावर मी निघायची चुळबूळ करत होतो. ते म्हणाले, "मास्तर, थे शब्द हायेत काय तुमच्याजवळ? थ्या दिवशीचे?"

"पाठ आहेत," मी म्हटलं. "का?"

"वाचता का एकडाव? थ्या दिवशी पोट्टीले उत्तरं देली नाई म्या. तवापासून डोक्यात फिरून राह्यले. घड्याळ लावू नका म्हंजे झालं."

मी पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा खुर्चीत बसलो. म्हटलं, "खिडकी." ते बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, की त्यांची दुपारची पाळी सुटायची तेव्हा ताई याच खिडकीत येऊन बसायच्या, पण हे गल्लीत वळताना दिसले की आत पळायच्या, वाट पाहत होत्या असं दिसू नये म्हणून. आणि हे मुद्दाम कोपऱ्यावर थोडं थांबून, त्यांना पळायला वेळ देऊन मग यायचे. हे सांगताना ते हसले. कितीतरी महिन्यांनी हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले, मग मीही पुसले. त्यांनी लग्नाच्या वेळचं सांगितलं, पहिल्या घराचं सांगितलं, त्या घराला खिडकीच नव्हती म्हणून ताई कशा भांडल्या ते सांगितलं. माझी चारची बस गेली, त्यानंतरचीही गेली. मग मी 'मीठ' म्हटलं. त्या दिवशी आम्ही दोन शब्दांच्या पुढे गेलो नाही.